जे काही आहे तेथे आहे

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. आत्ता माझी ओळख 'रिअल इस्टेट गुंतवणूकदार' अशी करून दिली, बायको इथे असती तर मोठ्याने हसली असती, कारण सव्वीस वर्षं मी ऑफिसात पगारपत्रकं केली आणि लिलावात घेतलेले फ्लॅट आजवर मोजून तीन, त्यातलाही एक चुकून. पण विषय आहे स्वस्तातली प्रॉपर्टी कशी शोधायची, आणि डोंबिवलीत शनिवारी संध्याकाळी हॉल भरतो तो एक नाट्यसंगीताला, नाहीतर 'स्वस्त' शब्दाला. पेटी तर कुठे दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रॉपर्टी उगाच स्वस्त होत नाही. कुणीतरी करायचं राहिलेलं एखादं काम तिच्या किमतीतून वजा झालेलं असतं. ते काम कोणतं आणि ते आपल्याला झेपणार का, हे शोधायचं. मला हे एका आजींनी शिकवलं, म्हणून आधी आजी.

2017 सालची गोष्ट. पेपरात बँकेच्या लिलावाची जाहिरात, ती बारीक टायपातली, वाचायला भिंग लागतं ती. कल्याण पूर्वेला वन बीएचके, आजूबाजूला भाव चौतीस लाख, राखीव किंमत चोवीस. मी दहा टक्के अनामत भरली, ऑनलाइन लिलावाला बसलो, आणि बोली लावणारा मी एकटाच निघालो. सव्वाचोवीसला फ्लॅट माझा. मला वाटलं बाकीचं जग झोपलंय. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकट्यालाच जे दिसतं, ते बाकीच्यांनी आधीच बघून सोडलेलं असतं.

त्या जाहिरातीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, 'जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे तत्त्वाने'. मला हे मंगलाष्टकासारखं वाटायचं, सगळीकडे म्हणतात, अर्थ कोण विचारतो. दुसरी, 'सांकेतिक ताबा'. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, फोटो काढलाय, पेपरात छापलंय, आणि आत माणसं जेवतायत.

मी बेल वाजवली तर सत्तरी ओलांडलेल्या आजींनी दार उघडलं. मुलाचं मोबाइलचं दुकान बसलं, हप्ते थकले, तो पुण्याला गेला आणि आई इथेच राहिली. म्हणजे आजी 'जे काही आहे' या सदरात मोडत होत्या. मी म्हटलं, आजी, हा फ्लॅट मी घेतलाय. त्या म्हणाल्या, बरं झालं, बाथरूमचं गळतंय ते बघून घ्या. आणि चहा टाकला. आता अशा माणसाशी भांडणार कसं सांगा!

तोपर्यंत पैशाची वेगळीच धावपळ. पंचवीस टक्के त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, उरलेले पंच्याहत्तर विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी वाढ दिली तर जास्तीत जास्त तीन महिने, नाही भरले तर भरलेले गेले. सांकेतिक ताब्यावर मला कुणी होमलोन देईना, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या आणि साडूकडून उसने घेतले. साडूचे उसने म्हणजे व्याज वेगळं आणि दर गणपतीत सगळ्यांसमोर उल्लेख वेगळा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता विकायच्या कायद्याच्या, कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. कायद्यात मुदत तीस दिवस, फार तर साठ. आमचं प्रकरण तारीख आली तर बंदोबस्त नाही, बंदोबस्त आला तर निवडणूक, असं करत अकरा महिने चाललं. दर रविवारी मी कल्याणला जायचो, आजींचं औषध आणायचो, एकदा गॅसचा सिलिंडरही लावून दिला. शेवटी पोलीस लागलेच नाहीत. बदलापूरला मुलीकडे त्या आपणहून गेल्या, टेम्पो मी केला. जाताना माझ्या हातात सोसायटीच्या थकबाकीची नोटीस देऊन गेल्या, एक लाख सत्त्याऐंशी हजार. वर्षाला एकवीस टक्क्यांनी व्याज लावलेलं, उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमांत, कमाल तेवढंच लावता येतं आणि त्यांनी ते पुरेपूर लावलं होतं.

आणि ते सेक्रेटरी! ट्रान्सफरला, म्हणजे फ्लॅट सोसायटीत माझ्या नावावर करायला, 'स्वेच्छा देणगी' एक लाख मागत होते. महाराष्ट्रात ट्रान्सफर प्रीमियमची मर्यादा पंचवीस हजार आहे, मी शासननिर्णयाची झेरॉक्स नेली तर म्हणाले आमच्या सोसायटीत असं चालत नाही. जसं काही ती सोसायटी भूतानमध्ये आहे. दोन महिने, चार पत्रं, निबंधकांकडे एक तक्रार, मग पंचवीस हजारांची पावती मिळाली. अजून ते दिसले की रस्ता बदलतात. खरं सांगायचं तर मीही बदलतो.

आता हिशोब. स्टॅम्प ड्युटी आणि ट्रान्सफरचे पंचवीस हजार कुठेही लागतातच, ते सोडा. सव्वाचोवीस, सोसायटीचे एक सत्त्याऐंशी, वीजबिल चौदा हजार, व्याजाचे दोन लाख, गळती आणि दुरुस्ती दोन लाख, झाले सव्वातीस. चौतीसमधून वजा करा, उरले पावणेचार लाख. अकरा महिन्यांनी भागा. म्हणजे मला चौतीस हजार पगाराची नोकरी लागली होती, कल्याणला, आजींच्या हाताखाली.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. अरेच्चा, शोधायचं कसं ते राहिलंच की.

तर भराभर सांगतो, लिहून घ्या. सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट पोर्टलवर दिसतात, बाकी पेपरात. ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक हे आधी बघा, किंमत नंतर. बोलीआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन थकबाकी लेखी मागा आणि वॉचमनशी बोला, त्याला जास्त माहिती असते. मागच्या मालकाचं वीजबिल, नियमात तरतूद असेल तर, लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येतं, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्येच सांगितलंय. त्याच वर्षी दुसऱ्या निकालात हेही आलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून मालमत्ता सोडवायचा कर्जदाराचा हक्क संपतो, हे आपल्या फायद्याचं. पण डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, तो बँकेच्या कारवाईविरुद्ध जाऊ शकतो, त्याला पंचेचाळीस दिवस असतात, तेव्हा केस चालू आहे का ते वकिलाकडून काढून घ्या. मालकीच्या जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, दस्तनोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, हे तर आलंच.

लिलाव सोडून दुसरी स्वस्ताई म्हणजे भावंडांची भांडणं. तिथे नॉमिनी येऊन सांगतो फ्लॅट माझा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, एक बहीण अमेरिकेत असली की वर्ष गेलं. तेच राहिलेलं काम, बघा.

आणि फार स्वस्त मिळालं म्हणून नाचू नका. रेडी रेकनर, म्हणजे ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला भाव, तुमच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असला तर अख्खा फरक तुमचं उत्पन्न धरून इन्कम टॅक्स लागू शकतो. साधा व्यवहार पन्नास लाख किंवा वर असला तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, विकणाऱ्याने नाही.

हो काका, बोला. मुरबाडला शेतजमीन अगदी मातीमोल मिळतेय? तुमच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे? नाही? मग कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती तुमच्या नावावर होणार नाही. एजंट म्हणतो होईल? त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या नावावर करून दाखव.

चहा आलाय वाटतं.