सॅकरिन साखरेपासून बनतं का? नाव आलं कुठून?

नमस्कार मंडळी! साखरेऐवजी चहात टाकायच्या कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचा, म्हणजे सॅकरिनचा, विषय निघाला की खाली ठरलेली कमेंट येतेच: "सॅकरिन साखरेपासूनच काढतात, नावातच आहे की!" नावात आहे, कबूल. रेणूत नाही.

इतिहास भराभर उरकू. १८७९, अमेरिकेतलं बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेन यांची प्रयोगशाळा. कॉन्स्टँटिन फालबर्ग तिथे दगडी कोळशाच्या डांबरातल्या रसायनांवर काम करत होता. जेवताना हाताला गोड चव लागली, म्हणून शोध लागला. पेटंट मात्र त्याने रेमसेनना वगळून घेतलं, आणि दोघांचं कायमचं फाटलं.

आता नाव. लॅटिन 'साक्कारुम' म्हणजे साखर, त्याला रसायनवाल्यांची आवडती 'इन' ही शेपटी. कॅफिन, क्विनिनला असते तीच. लॅटिनमध्ये शब्द आला ग्रीक 'साक्खारोन'वरून, ग्रीकमध्ये गेला आपल्याकडून: पाली सक्खरा, संस्कृत शर्करा. आपली 'साखर'ही प्राकृतातून तिथूनच आली. आणि शर्करा म्हणजे मुळात काय? खडे, कंकर! वैद्य लघवीतल्या बारीक खड्यांना आजही मूत्रशर्करा म्हणतात, तिथे गोडाचा काय संबंध? उसाच्या शास्त्रीय नावातलं 'सॅकॅरम' आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या नावातलं 'सॅकरोमायसिस' ही याच गोतावळ्यातली.

पण गोतावळा शब्दांचा, पदार्थांचा नाही! सॅकरिनच्या रेणूत गंधक आणि नायट्रोजन आहे. साखरेत दोन्ही नाहीत. शरीर सॅकरिन पचवत नाही, जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून कॅलरी शून्य. "पण माझ्या पाकिटावर डेक्स्ट्रोज लिहिलंय, ती साखरच ना!" तो भरावा, दादा. एक चमचा साखरेच्या गोडीला सॅकरिन लागतं जेमतेम १५ मिलिग्रॅम. एवढंसं चिमटीत कसं धरणार?

तरीही पटत नसेल तर चिक्की करून बघा. पाकच होणार नाही. सॅकरिन चहात उकळलं तरी टिकतं. पण त्याला तार येत नाही, रंग धरत नाही. शंकरपाळ्यात साखर काढून हे घातलंत तर पिठाचा भार आणि खुसखुशीतपणा, दोन्ही गेले. मग लोक गोडी वाढवायला आणखी घालतात, आणि कडवट, धातूसारखी चव जिभेवर रेंगाळते.

जाता जाता: निकेल प्लेटिंगच्या (धातूवर निकेलचा थर चढवायच्या) टाकीतही सॅकरिन घालतात. थराचे कण बारीक होतात, आतला ताण कमी होतो, थर तडकत नाही.

आणि प्रत्येक कृत्रिम गोडीला सॅकरिन म्हणणं बंद करा हो! लेबलवर गोडी आणणाऱ्या घटकाचा आकडा बघा. ९५४ म्हणजे सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९५१ अ‍ॅस्पार्टेम. फिनाइलकीटोन्यूरिया (अ‍ॅस्पार्टेममधलं फिनाइलअ‍ॅलॅनिन शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांनी ९५१ असलेलं काहीही घ्यायचं नाही. ९५४ला ती अडचण नाही.