सात फुटांचा संसार

श्रोतेहो, माझी उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे ‘कालवा’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वाहते पाणी, चाऱ्या-पोटचाऱ्या आणि पाण्याच्या पाळीची वाट पाहणारे शेतकरी येतात. निवृत्तीनंतर इंग्लंडमधील ऑक्सफर्ड कालव्यावर भाड्याच्या नावेत दोन आठवडे राहण्याचा योग आम्हा उभयतांना आला, तेव्हा पहिल्याच सकाळी लक्षात आले की तिथले पाणी जवळजवळ उभेच असते. आपला कालवा शेतापर्यंत पाणी पोचवण्यासाठी खोदलेला असतो, म्हणून त्याला उतार द्यावा लागतो. तिथला कालवा माल वाहून नेण्यासाठी खोदला गेला, म्हणून तो होता होईल तो सपाट ठेवायचा आणि जमिनीचा चढ-उतार पायरीसारखा एका जागी उरकून टाकायचा. या पायरीला लॉक म्हणतात. दोन्ही तोंडांना फाटके असलेला तो एक हौद असतो; नाव आत घ्यायची, झडपा उघडून पाणी भरायचे किंवा सोडायचे, की नाव आपोआप वर चढते किंवा खाली उतरते.

ऑक्सफर्ड कालव्यावर या हौदाची रुंदी सात फूट असते. मला आज जे सांगायचे आहे ते या सात फुटांविषयीच आहे, कारण अशा कालव्यांचा धंदा बुडाला तो याच मापामुळे आणि आमच्यासारख्या साठी उलटलेल्या जोडप्याला तिथे स्वतः नाव चालवता येते तीही याच मापामुळे, असे माझे मत झाले आहे.

हे माप जेम्स ब्रिंडली यांचे. पाणचक्क्या आणि गिरण्यांची यंत्रे बांधणारा हा कारागीर. त्यांनी उभारलेला ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये सुरू झाला आणि वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरमध्ये निम्म्या भावात मिळू लागला. त्यानंतर ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी आली. तिच्यातला 2,880 यार्डांचा बोगदा खोदायला 11 वर्षे लागली. ब्रिंडली 1772 मध्ये वारले आणि कालवा पुरा झाला 1777 मध्ये. बोगदा अरुंद ठेवला की खर्च वाचतो, हे उघड आहे. पाण्याचा हिशेब मात्र मी तिथे कागदावर मांडून पाहिला. 72 फूट लांब, सात फूट रुंद आणि सात फूट चढाचे एक लॉक एकदा भरायला सुमारे 1 लाख लिटर पाणी लागते, आणि ते सगळे कालव्याच्या माथ्यावरून खाली येते. रुंदी दुप्पट केली की पाणीही दुप्पट. डोंगरमाथ्यावर पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडवला आहे त्याला ब्रिंडलींचा हात आखडता का राहिला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण या काटकसरीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. सात फुटी नावेत माल मावतो जेमतेम 25 ते 30 टन. रेल्वे आली आणि दर पडले, तेव्हा अनेक नावाड्यांनी काठावरचे घर सोडून बायकामुले नावेवर आणली. भाडे वाचले आणि बिनपगारी हातही मिळाले. माल ठेवायची जागा कमी करून चालणार नव्हते, म्हणून अख्खे कुटुंब राहायचे ते नावेच्या मागच्या टोकाला, सुमारे दहा फूट लांबीच्या एका खोपटात. दारापाशी कोळशाची चूल, कपाटाचे दार आडवे पाडले की ते जेवणाचे टेबल, आणि रात्री खोपटाच्या रुंदीत आडवी टाकलेली फळी म्हणजे नवरा-बायकोचा पलंग. इतक्या दाटीतही दारांवर, बादल्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवायची त्यांची रीत होती. 1877 मध्ये सरकारने कायदा करून अशा नावांची नोंदणी आणि आरोग्य-तपासणी सुरू केली. पुढे इंजिने आली, तशी इंजिनाची नाव नवऱ्याकडे आणि तिच्यामागे ओढली जाणारी बिनइंजिनाची नाव बायकोकडे, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी झाली.

1948 मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, 1962-63 च्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे कालवे गोठून राहिले आणि मालवाहतुकीचा उरलासुरला धंदाही मोडला. तरीही सगळेच कालवे बुजवले गेले नाहीत, याचे श्रेय एका जोडप्याकडेही जाते. टॉम रोल्ट हे इंजिनिअर आणि त्यांची पत्नी अँजेला यांनी 1939 च्या जुलैमध्ये लग्न झाल्याबरोबर बॅनबरीहून ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या नावेतून संसाराला सुरुवात केली. त्या भ्रमंतीवरचे रोल्ट यांचे पुस्तक 1944 मध्ये निघाले, रॉबर्ट एकमन यांच्या वाचनात आले, आणि दोघांच्या पुढाकाराने 1946 मध्ये अंतर्गत जलमार्गांसाठी झटणारी संघटना उभी राहिली. कालवे वाचले, संसार मात्र वाचला नाही. 1951 मध्ये अँजेला निघून गेल्या आणि सर्कशीत दाखल झाल्या. ही हकीकत मी सौ.ना बॅनबरीत, जिथे ‘क्रेसी’ राहण्याजोगी करून घेतली गेली त्या टूलींच्या गोदीसमोर ऐकवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “बारा वर्षं त्या बोळकांडीत काढली, हेच खूप झालं.”

त्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. आमच्या नावेत आतली मोकळी रुंदी सहा फुटांच्या आसपास होती. त्यात ओटा, बाक आणि न्हाणीघर. एकजण चहा करायला उठला की दुसऱ्याने बसून राहायचे. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या मेखा उपटून येतात. घोड्याने नाव ओढायची वाट आजही काठाने चालते, तिच्यावरून कुत्रा फिरवणारी माणसे आम्हाला मागे टाकून जात.

आम्ही नॅप्टनची नऊ लॉक्स चढून माथ्यावर आलो आणि दक्षिणेकडे निघालो. तो माथ्याचा टप्पा मला फार आवडला. सरळ अंतर पाच मैलांच्या आत, पण कालवा तिथे सुमारे 11 मैल वळसे घेतो, कारण त्याने समपातळी रेषा कुठेही सोडलेली नाही. वर्मलेटनच्या टेकडीभोवती तर तीच घरे कधी उजव्या हाताला तर कधी डाव्या हाताला दिसतात. भराव आणि खोदाई टाळून रेषा कशी धरावी, हे मी नव्या अभियंत्यांना नकाशावर शिकवत असे. तिथे ती रेषा पायाखालून जात होती.

क्लेडनला उतार सुरू झाला आणि माझी फजिती झाली. वरच्या फाटकाखाली, हौदाच्या आत, दगडाचा एक उंबरा असतो. पाणी भरलेले असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागले आणि नावेचे मागचे टोक त्याच्यावर राहिले, तर पुढचे टोक खाली जाते आणि नाव बुडू शकते. काठावर पांढरी खूण असते, तिच्या पुढे राहायचे. मी, म्हणजे फाटकांचे आराखडे तपासत जन्म घालवलेला माणूस, फाटकाच्या लाकडाची जोडणी न्याहाळत उभा राहिलो आणि नाव सावकाश मागे सरकली. काठावर झडपेशी उभ्या असलेल्या सौ. ओरडल्या, “अहो, पुढे घ्या आधी!” आणि माझी वाट न पाहता त्यांनी झडपांचे सुटे हँडल फिरवून झडपा बंद केल्या. तेव्हापासून मी सुकाणू धरायचे आणि लॉकचा सारा कारभार त्यांनी पाहायचा, असे ठरले.

हा कारभार त्यांना एकटीला झेपला, याचे कारण पुन्हा तेच सात फूट. वरच्या तोंडाला एकच फाटक असते. दोन्हीकडचे पाणी समपातळीत येईपर्यंत ते चार गड्यांनाही हलत नाही, कारण पाण्याचा दाबच ते मिटून धरतो. पण पातळी जुळली की लाकडाच्या लांब दांड्याला पाठ लावून नेटाने रेटत राहिले, तर साडेपाच फुटांची बाईसुद्धा ते उघडते. खांद्यात हँडल अडकवून, चालत पुढचे लॉक तयार करायला निघालेल्या सौ.ची पाठ हे त्या दोन आठवड्यांतले माझे रोजचे दृश्य होते.

ऑक्सफर्डला आयसिस लॉकमधून आम्ही थेम्सवर गेलो. तिथे पाणी खरोखर वाहते, म्हणून नांगर लागतो, आणि नदीचा परवाना वेगळा काढावा लागतो. पोर्ट मेडोच्या कुरणात पाण्याकाठी चरणारी घोडी-गुरे पाहत प्रवाहाविरुद्ध गॉडस्टोला पोचलो. तिथले लॉक यंत्राने चालते आणि इतके ऐसपैस आहे की आमची नाव त्यात बाजूला ठेवलेल्या फूटपट्टीसारखी दिसत होती. रखवालदाराने पुढचे-मागचे दोर बांधायला आणि इंजिन बंद करायला सांगितले. बाकी सारे त्यानेच केले. सौ. हँडल मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पुढे किंग्ज लॉकच्या वर ड्यूक्स कट या कालव्याकडे जाणाऱ्या फाट्याला वळलो, कालव्यात शिरायचे सात फुटी लॉक समोर आले, आणि नाव काठाला लागायच्या आत त्यांनी उडी टाकली.