काळं तेल जातं कुठे?

(दृश्य: संध्याकाळ. स्टेशनबाहेरची वडापावची गाडी. कढई जवळून.)

पहिला घाणा पडतो तेव्हा कढईतलं तेल साधारण १७५ ते १८० अंशांवर असतं. वड्यातल्या बटाट्याचं पाणी वाफ होऊन त्या तेलातून बाहेर पडतं आणि जाता जाता तेलाचे रेणू फोडतं. वरून हवा आपलं काम करतच असते. घाण्यामागून घाणे निघतात. तेल दाटतं, फेसाळतं, त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. गाडीवाला ते फेकत नाही, कमी झालं की वरून नवं ओततो. यात लबाडी कमी आणि हिशोब जास्त असतो. तेलाच्या डब्याचा आजचा भाव त्याला तोंडपाठ आहे.

ही फिल्म बायोडिझेलची आहे. पण बायोडिझेलची गोष्ट रिअ‍ॅक्टरपासून सांगितली, तर तिच्यातला अवघड भागच सुटतो. तेलाचं इंधन करणं जमतं. ते तेल हाती लागणं जमत नाही.

(दृश्य: तेलात बुडवलेलं हातातलं मीटर, पडद्यावर आकडा.)

तेल किती बिघडलं, हे मोजता येतं. तळताना तयार होणाऱ्या बिघाडाच्या घटकांना 'पोलर कंपाउंड्स' म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पाठोपाठ ऑगस्टमध्ये 'रुको' हा उपक्रम आला: वापरलेलं तेल गोळा करा आणि बायोडिझेलवाल्यांना द्या. १ मार्च २०१९ पासून, तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, असंही ठरलं.

नियम चांगला आहे. पण त्याच्या आधीपासून एक बाजार चालत आलाय. मोठ्या हॉटेलातलं, फरसाणच्या कारखान्यातलं उतरलेलं तेल डब्यांतून विकलं जातं. घेणारा ते गाळतो आणि आणखी स्वस्तात पुढे देतो. एका कढईतून उतरलेलं तेल दुसऱ्या कढईत चढतं. बायोडिझेलच्या कारखान्याची स्पर्धा पेट्रोल पंपाशी नाही, या दुसऱ्या कढईशी आहे.

(दृश्य: टेम्पोतून उतरणारे डबे, ड्रमवर ताणलेली जाळी.)

समजा, तेल मिळालं. पहिलं काम गाळण्याचं. वड्याबरोबर आपण हक्काने मागून घेतो तो चुरा इथे कुणालाच नको असतो. मग तेल तापवून त्यातलं पाणी उडवतात. पाणी राहिलं तर पुढचं सगळं बिनसतं.

तेलाच्या रेणूत ग्लिसरिनचा एक कणा आणि त्याला जोडलेल्या फॅटी आम्लांच्या तीन साखळ्या असतात. कारखान्यात या साखळ्या कण्यापासून सोडवून मिथेनॉल या अल्कोहोलला जोडायच्या, एवढंच करायचं असतं. मदतीला कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश. तापमान ६० अंशांच्या आसपास, कारण ६५ला मिथेनॉल उकळायला लागतं. तासभर ढवळायचं आणि थांबायचं.

(दृश्य: काचेचं उभं भांडं. वर सोनेरी थर, खाली तपकिरी. इथे निवेदन थोडं थांबावं.)

खालचा जड, गडद थर ग्लिसरिनचा. वरचं बायोडिझेल. कागदावरचा हिशोब सरळ आहे: १०० किलो तेल, ११ किलोच्या आसपास मिथेनॉल, हाती येतं जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि साधारण १० किलो ग्लिसरिन.

प्रत्यक्षात गोम तेलातच असते. कढईत वाफेने ज्या साखळ्या आधीच सुटल्या, त्या मोकळ्या आम्लांचा कॉस्टिकशी संयोग होऊन साबण होतो. थर वेगळेच होत नाहीत, नुसता गिळगिळीत गोळा हाती येतो. म्हणून प्रत्येक खेपेला आधी आम्लता तपासावी लागते. ती जास्त निघाली तर सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल घालून आणखी एक फेरी, म्हणजे आणखी वेळ, आणखी खर्च. दोन दुकानांचं तेल कधी सारखं नसतं. एकाच दुकानाचं सोमवारचं आणि दिवाळीच्या आठवड्यातलंही नसतं.

शेवटी धुणं, सुकवणं आणि प्रयोगशाळा. भारतीय मानक आयएस १५६०७ सांगतं, एस्टरचं, म्हणजे मिथेनॉलला जोडलेल्या साखळ्यांचं, प्रमाण किमान ९६.५ टक्के हवं. त्या खालचं ते बायोडिझेल नव्हे, तेलकट काहीतरी.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. 'घरच्या घरी बायोडिझेल' शिकवणारे व्हिडिओ बरेच आहेत. कृपा करून त्यांच्या नादी लागू नका. मिथेनॉल विष आहे आणि त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे.

(दृश्य: डेपो, टँकर, भरणारी नळी.)

आता 'हिरवं इंधन' म्हणतात ते किती हिरवं? या इंधनात गंधक जवळपास नसतं. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र किंचित जास्त. त्यासाठी वेगळं शेत लागत नाही, शेताला पाणी लागत नाही. पण त्यातलं मिथेनॉल बहुतेक करून नैसर्गिक वायूपासून बनतं आणि भारत ते मुख्यतः आयात करतो. म्हणजे शंभर टक्के हिरवं म्हणणं ही जाहिरात झाली.

थंडीचंही एक आहे. आपल्याकडे तळणाला पामतेल भरपूर वापरतात आणि त्यापासून केलेलं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपास गढुळायला लागतं. डिसेंबरात निफाडचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा शुद्ध बायोडिझेलवरची गाडी सकाळी रुसू शकते. डिझेलमध्ये पाच टक्के मिसळलं तर ही अडचण येत नाही. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाचं २०३०चं उद्दिष्टही पाच टक्क्यांचंच आहे.

तेही सोपं नाही. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जळतं. २०२२पर्यंत वर्षाला २२० कोटी लिटर वापरलेलं तेल हाती येऊ शकेल, असा एफएसएसएआयचा अंदाज होता. त्यातला थेंबन् थेंब मिळाला, तरी डिझेलच्या दोन टक्क्यांच्या आसपास पोचतो. एकदा मोठी स्वप्नं पाहून झालीत. मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, पडीक माळावर, पाण्याशिवाय, बायोडिझेलसाठी भरभरून बिया देईल असं सांगितलं गेलं. २००९च्या धोरणात २०१७पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट होतं. एरंडाने माळावर जीव धरला, पण बिया द्यायला त्यालाही पाणी आणि खत लागलं.

त्यामुळे डिझेलला पर्याय म्हणून या तेलाकडे पाहिलं तर निराशाच व्हायची. माझ्या मते त्याचा खरा फायदा इंजिनात पोचायच्या आधीच होऊन गेलेला असतो: तेवढं तेल कुणाच्या तरी पोटात गेलेलं नसतं. गटारात ओतलेलं नसतं.

(दृश्य: महामार्ग, ट्रकांची रांग.)

या धंद्याला बट्टाही लागलाय. औद्योगिक तेलं आणि सॉल्व्हंट मिसळून 'बायोडिझेल'च्या पाटीखाली विकण्याचे प्रकार गुजरातेत आणि आपल्याकडेही पकडले गेलेत. स्वस्त म्हणून ट्रकवाला भरतो आणि पंप, इंजेक्टर खराब झाले की शिव्या खऱ्या बायोडिझेलला बसतात.

(दृश्य: पुन्हा संकलनाचा टेम्पो, हिशोबाची वही.)

मग तेल हाती यावं कसं? २०१९च्या ऑगस्टमध्ये सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० असा हमीभाव जाहीर केला. कारखानदाराला खरेदीची खात्री मिळाली. पण त्याच्या खर्चाचा मोठा वाटा वापरलेल्या तेलाचाच असतो आणि खाद्यतेल महागलं की काळ्या तेलाचाही भाव चढतो. नेमकं तेव्हाच दुसऱ्या कढईवाला चार पैसे जास्त द्यायला तयार असतो.

मोठ्या हॉटेलांना नियमाने बांधता येईल. दिवसाला पाच-सात लिटर तेल तळणारी गाडी ५० लिटरच्या अटीच्या बाहेर राहते. तिच्याकडे ना वही, ना मीटर. अशा वीस गाड्यांचं तेल रोज फिरून गोळा करायचं तर टेम्पोचं भाडंही सुटत नाही. त्यापेक्षा ज्या किराणा दुकानातून गाडीवाला नवा डबा घेतो, तिथेच जुनं तेल परत घ्यावं आणि त्याचे पैसे नव्या डब्याच्या किमतीतून वळते करावेत. दुकानदाराला थोडं कमिशन, संकलकाला वीसऐवजी एकच थांबा. गाडीवाल्याला पर्यावरणावर भाषण द्यायचीही मग गरज उरत नाही. फक्त मिळणारी सूट दुसऱ्या कढईच्या भावापेक्षा जास्त हवी.