"नुसतं खेळवता, मग शिकवता कधी?"

नमस्कार श्रोतेहो. गावातली कोणतीही पालकसभा घ्या, एक प्रश्न ठरलेलाच. "बाई, आमचं लेकरू अंगणवाडीत नुसतं खेळते. शेजारचं पोरगं कॉन्व्हेंटात जाते, त्याले एबीसीडी येते!" काळजी खोटी नाही. सोयाबीन विकून फी भरायची, तर काहीतरी पदरात पडलेलं दिसावं असं कोणालाही वाटेल. वहीतलं अक्षर दिसतं, खेळातलं शिकणं चटकन दिसत नाही.

म्हणून आज एकच खेळ नीट पाहू. सुपात तूर, हरभरा आणि चिंचोके एकत्र करा आणि चार वर्षांच्या पोरीला म्हणा, "हे निवडून दे." तुरीचा दाणा ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलेल. उद्या पेन्सिल धरायची ती याच चिमटीत. मग विचारा, चिंचोके किती? ती घडाघडा दहापर्यंत म्हणेल, अन् चिंचोके असतील सहा! आकडे पाठ आहेत, मोजणं अजून यायचं आहे. एका चिंचोक्यावर एक बोट, एक आकडा, एवढं जमलं की पहिलीतली बेरीज जड जात नाही.

घाई करून काय होतं? मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती मऊ, लवचीक कूर्चेची असतात, सगळी पक्की व्हायला दहा-बारा वर्षं जातात. तीन वर्षांच्या हाताला पानभर 'अ' गिरवायला लावला, तर हात दुखतो आणि वहीचा धाक बसतो तो वेगळाच.

हे काही परदेशी फॅड नाही. हातांनी काम करत शिकायचं, हा विचार 1937 साली आपल्या वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी मांडला. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतं.

मात्र पोरं अंगणात मोकळी सोडली आणि सेविका रजिस्टरं भरत बसली, तर पालकांची तक्रार रास्तच आहे. (तिच्यामागे रजिस्टरं किती, तेही एकदा विचारा.) "काय शिकवलं?" म्हणण्यापेक्षा "आज कोणता खेळ घेतला, आणि कशासाठी?" असं हक्कानं विचारा. तिला उत्तर देता आलं पाहिजे.

आणि हो, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घ्यालच. त्याआधी मातीचा एक बैल लेकराच्या हातून होऊ द्या. शिंग मोडलं तर तुम्ही दुरुस्त करू नका, त्यालाच पुन्हा लावू द्या.