किरायत्याची पानं आणि चांदीचे कण

श्रोतेहो, नमस्कार. पावसाने उघडीप दिली की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तापाचे दिवस येतात आणि मला आजीचं किरायतं, ती कडू औषधी वनस्पती, आठवते.

मी सहावीत होतो. एक दिवसाआड भर दुपारी हुडहुडी भरायची. दोन गोधड्या, वर आजीचं लुगडं, तरी दात वाजायचे. आजी पहाटे कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, किरायतं आणायची, ठेचून कढवायची आणि वाटी ओठांना लावायची. कडूपणा संध्याकाळपर्यंत जिभेवरून हलायचा नाही. तिसऱ्या पाळीला तिनेच मला काकांच्या सायकलवर बसवून आरोग्य केंद्रात धाडलं. रक्तात मलेरिया निघाला. ताप उतरल्यावरही शेवटची गोळी संपेपर्यंत ती रोज समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची.

गेल्या महिन्यात एमएस्सी करणाऱ्या भाचीचा फोन आला, "मामा, आजीच्या कुळागरातलं किरायतं आहे ना अजून?" मी पिशवी भरून पानं नेली. तिने ती उकळली, गाळली आणि त्या फिकट पिवळ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, घातलं. म्हणाली, "आता रंग बघत राहा." बघता बघता पाणी मधासारखं झालं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी. चांदीचे नॅनोकण तयार झाल्याची ती खूण.

१ मिलिमीटरचे १० लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. हे कण १०० नॅनोमीटरच्या आतले. किरायत्यापासून केलेल्या अशा कणांनी मलेरियाच्या परजीवीची वाढ रोखल्याचं दिसलं आहे, पण प्रयोगशाळेत. पुन्हा सांगतो, प्रयोगशाळेत. माणसाला किती चांदी सोसेल हे ठरल्याशिवाय ते औषध होत नाही. वनस्पतीतून औषध मिळतं, हे मात्र खरं. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये आर्टेमिसिया या झुडपातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध काढलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

 

चांदीच्या कणांचं औषध होईल तेव्हा होईल, तोवर ताप आला की रक्त तपासा. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो, म्हणून डॉक्टरांनी प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस दिलं तर पूर्ण १४ दिवस घ्या. आणि टाकीला झाकण घाला, टाकीला झाकण.

भाचीला आणखी पानं हवी आहेत. रविवारी कुळागरात जाईन. पाटाच्या कडेला, आजी खुडायची त्याच जागी, किरायतं यंदाही उगवलंय.