मशीन दुरुस्तीला, गवत पोटरीला

श्रोतेहो, नमस्कार. ऐन श्रावणात गवत कापायचं मशीन बंद पडतं, दुकानदार म्हणतो, "पार्ट आला की सांगतो," आणि इकडे सोसायटीची हिरवळ बघता बघता पोटरीला लागते. मग कुणी म्हणतं, तणनाशक मारा. कुणी म्हणतं, माणूस लावून एकदाच सगळं सपाट करून टाका. यातलं काहीही करू नका, एवढंच सांगायला मी आज आलो आहे.

वाढलेलं गवत जरा हाताने बाजूला सारून बघा. वर गर्द हिरवं दिसतं, पण खाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे नुसत्या पिवळट काड्या असतात. गवत अन्न तयार करतं ते वरच्या हिरव्या पात्यांत. सहा इंचांचं गवत एकदम इंचभर केलंत, तर मागे त्या काड्याच उरतात. पावसाने उघडीप दिली की त्या करपतात आणि उघड्या पडलेल्या मातीत लव्हाळा नि गाजरगवत घर करतात. म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच कापा. सहाचं चार करा, आठवडाभर थांबा, मग तीनच्या आसपास आणा.

हे काम विळ्याने छान होतं. विळा आधी पाजवून घ्या, बोथट विळा गवत उपटतो. डाव्या मुठीत गवताचे शेंडे धरायचे, मूठ कायम विळ्याच्या वर ठेवायची आणि विळा बेताने आपल्याकडे ओढायचा. गवत कापणाऱ्या बाईला बोलावलंत तर तिला पूर्ण मजुरी द्या. तिच्या हाताचा सारखेपणा आपल्याला सहज साधत नाही. अंगण लहान असेल तर कुंपण छाटायची मोठी कात्रीही पुरते. जमीन चिखलाची असेल त्या दिवशी मात्र आत जाऊ नका. पायाखाली माती दबते आणि मुळं गुदमरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गवतात हात घालण्याआधी काठीने ते झोडपा, पाय आपटत चाला, गमबूट घाला. घोणस अशा गवतात निपचित पडून असते. साप चावलाच तर आवळपट्टी बांधणं नको, चिरा देणं नको, थेट सरकारी दवाखाना गाठा. दुसरा धोका डोळ्यांना दिसतही नाही. 2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. हा ताप झाडाझुडपांतल्या, गवतातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. काम झालं की साबणाने अंघोळ करा, कपडे लगेच धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर गवतात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कापलेल्या गवताचे ढीग हिरवळीवर ठेवू नका, खालचं गवत पिवळं पडतं. फवारणी झालेली नसेल आणि गाजरगवत निवडून काढलं असेल, तर भारा जवळच्या गोठ्यात द्या. हिरवळ हरळीची असेल, तर गणपतीच्या दूर्वाही तिथेच मिळतील. मशीन फिरलेल्या हिरवळीत तीन पात्यांचा कोवळा शेंडा क्वचितच हाती लागतो. एक कोपरा तसाच तुऱ्यावर येऊ दिलात, तर बिया खायला मुनियांचे थवे उतरतील.

आणि मशीन दुकानात आहे तोवर पात्याला धारही लावून घ्या. बोथट पात्याने गवताचे शेंडे फाटतात आणि तपकिरी पडतात. घरी आल्यावर पहिल्या फेरीला पातं सगळ्यात वरच्या खाचेवर ठेवा.