आग्नेयेकडे बघणाऱ्या डिश

पुण्यातल्या कोणत्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाक्यांच्या पलीकडे, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या मागे, पंधरा-वीस डिश उभ्या दिसतात. कंपन्या निराळ्या, कुणाचा रंग उडालेला, कुणाच्या कडेला गंज चढलेला; तोंडे मात्र सगळ्यांची कमी-अधिक फरकाने आग्नेयेकडे. वास्तुशास्त्राशी याचा काही संबंध नाही. उत्तरेकडे बाल्कनी असलेल्या बिऱ्हाडाला बाल्कनीत डिश लावून उपयोग नसतो, त्याला केबल ओढून गच्चीच गाठावी लागते. कारण या सर्व डिश ज्या उपग्रहांकडे पाहतात, ते विषुववृत्ताच्या बरोबर वर, म्हणजे आपल्या दक्षिणेकडच्या आकाशात, 35,786 किलोमीटर उंचीवर आहेत.

उंचीचा हा आकडा कुणी बैठकीत ठरवलेला नाही. उपग्रह जितका उंच, तितकी त्याची प्रदक्षिणा संथ. आणि या एका उंचीवर ती 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पुरी होते. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला नेमका तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा तो उपग्रह गच्चीवरच्या डिशला मात्र एका जागी खिळल्यासारखा दिसतो, आणि एकदा नट आवळले की डिश पुन्हा हलवावी लागत नाही.

या भूस्थिर कक्षेला क्लार्क कक्षा असेही म्हणतात. विज्ञानकथांची आवड असणाऱ्यांच्या गप्पांत आणि प्रश्नमंजूषांत तिची गोष्ट हमखास निघते : आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथा-लेखकाने आपल्या कथेत दळणवळणाच्या उपग्रहांचे भाकीत केले आणि वीस वर्षांनी ते खरे ठरले. ऐकायला छान असलेल्या या गोष्टीत लेखकाचे नाव तेवढे खरे आहे. बाकीचा तपशील बराच वेगळा, आणि माझ्या मते अधिक रंजक आहे.

मुळात ती कथा नव्हतीच. 1945 साली क्लार्क ब्रिटिश हवाई दलात रडारवर काम करणारे 27 वर्षांचे अधिकारी होते. धुक्यात अडकलेल्या विमानाला जमिनीवरून सूचना देत सुखरूप उतरवण्याच्या यंत्रणेवर त्यांची नेमणूक होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या रेडिओ तंत्रज्ञांच्या मासिकात त्यांचा लेख आला. त्यात पात्रे नव्हती, संवाद नव्हते. आकृत्या होत्या आणि आकडेमोड होती. एकमेकांपासून 120 अंशांवर तीन स्थानके ठेवली, तर जवळजवळ सगळी पृथ्वी रेडिओच्या टप्प्यात येते, हा त्याचा गाभा. लंडनवर पडलेल्या जर्मन व्ही-2 रॉकेटांच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या, आणि तेच रॉकेट आणखी सुधारले तर ते आकाशात स्थानक नेऊन ठेवू शकेल, हे त्यामागचे गणित होते. अमेरिकेतल्या मोठ्या मासिकांत क्लार्क यांच्या विज्ञानकथा छापून येऊ लागल्या त्या 1946 पासून, म्हणजे या लेखानंतर.

दुसरे असे की, ही कक्षा त्यांच्या आधीही कागदावर होती. रशियातील कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांनी तिचा विचार केला होता, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यातील निवृत्त अभियंता हेर्मान पोटोच्निक यांनी 1928 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याच उंचीवर माणसांनी राहण्याचे स्थानक रेखाटले होते. कथेचा धागा शोधायचाच असेल, तर तो जॉर्ज ओ. स्मिथ यांच्याकडे जातो. रेडिओ अभियंता असलेल्या या अमेरिकी लेखकाने 1942 पासून शुक्राच्या कक्षेतील एका संदेशवाहक ठाण्याच्या कथा लिहिल्या; ग्रहांच्या मधे सूर्य आडवा आला की संदेश त्या ठाण्यावरून वळवून पाठवायचे. या कथांचा आपल्यावर नकळत परिणाम झाला असावा, हे क्लार्क यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. या कक्षेशी दळणवळणाची सांगड सविस्तर आणि हिशेबानिशी घालणे, हे मात्र क्लार्क यांचे.

आणि आता त्यांचे चुकले काय, ते पाहू. क्लार्क यांच्या स्थानकांत माणसे राहणार होती. का, तर 1945 चा रेडिओ व्हॉल्व्हवर, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालत असे. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना आठवत असेल, की बटण फिरवल्यावर आत तांबूस उजेड पडायचा, आवाज यायला थोडा वेळ लागायचा, आणि कधीतरी एखादा व्हॉल्व्ह जायचाच. 36 हजार किलोमीटरवर गेलेला व्हॉल्व्ह बदलायचा, तर तिथे दुरुस्ती करणारा माणूस असायला हवा, आणि माणूस म्हटला की त्याची हवा, पाणी, जेवण आणि रसद नेणारी रॉकेटे आलीच. लेखाला दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत व्हॉल्व्हचेच काम करणारा, पण सहसा न जाणारा इवलासा ट्रान्झिस्टर तयार झाला, आणि त्या सगळ्या बिऱ्हाडाची गरजच संपली. 1963 साली कक्षेत गेलेला सिंकॉम-2 हा उपग्रह म्हणजे 71 सेंटीमीटर व्यासाचा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा, एखाद्या मोठ्या ढोलासारखा डबा होता. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ सिंकॉम-3 आकाशात खरोखर स्थिर झाला आणि टोकियो ऑलिंपिकची दृश्ये पॅसिफिक महासागरापलीकडे पोहोचली.

क्लार्क यांना त्या लेखाचे मानधन मिळाले 15 पौंड. पेटंट न घेतल्यामुळे आपण फावल्या वेळात एक अब्ज डॉलर कसे घालवले, अशा अर्थाच्या मथळ्याचा एक विनोदी लेखही त्यांनी नंतर लिहिला. हिशेब केला, तर नुकसान फारसे झालेले दिसत नाही : त्या काळी ब्रिटिश पेटंटची मुदत 16 वर्षांची होती आणि 1961 साली, सिंकॉम उडण्याआधीच, ती संपली असती.

आपल्याकडे ही कक्षा व्यावसायिक उपयोगात पहिल्यांदा आली ती पुणे जिल्ह्यात. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे 1970 च्या दशकाच्या आरंभी सुमारे 30 मीटर व्यासाची डिश उभी राहिली, आणि त्या भूकेंद्राला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. तोवर परदेशी फोन लघुलहरींवर, खरखरीतून वाट काढत जात असे. तमाशाच्या फडांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातून आता तो हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्गे जाऊ लागला.

त्यानंतर आला ‘साइट’ हा प्रयोग. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी भारताच्या बाजूला सरकवण्यात आला, आणि 1 ऑगस्ट 1975 पासून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरदर्शन दिसू लागले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोगाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस मात्र मूळचे कोल्हापूरचे. खेड्यांतल्या तीन मीटरच्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. अशा लहरींना भरीव पत्रा आणि बारीक जाळी यांत फारसा फरक वाटत नाही, शिवाय जाळी हलकी, स्वस्त आणि वाऱ्याला दाद न देणारी. क्लार्क तेव्हा श्रीलंकेत स्थायिक झाले होते. इस्रोच्या अभियंत्यांनी कोलंबोत जाऊन त्यांच्या घरी पाच मीटरची डिश बसवून दिली. श्रीलंकेत दूरदर्शन केंद्र सुरू व्हायला अजून काही वर्षे अवकाश होता, त्यामुळे त्या बेटावरचा चालू टीव्ही संच तेवढा एकच.

आज बातम्या असतात त्या जेमतेम 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या हजारो उपग्रहांच्या. त्याचे कारण एका जुन्या दृश्यात सापडते. स्टुडिओतून प्रश्न विचारला जातो आणि दूरच्या गावी उभा असलेला वार्ताहर हातात माईक धरून नुसता मान हलवत राहतो. प्रश्न भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. बातमीत हे खपून जाते, पण इंटरनेटवरच्या खेळात किंवा व्हिडिओ कॉलवर खपत नाही. खालच्या उपग्रहांना हा उशीर नाही. पण ते सुमारे दीड तासात पृथ्वीला फेरी मारतात, म्हणून त्यांचा ताफा मोठा लागतो आणि जमिनीवरच्या अँटेनाला त्यांचा सतत माग काढावा लागतो.

गच्चीवरच्या डिशला तो त्रास नाही. मात्र दरवर्षी मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश बुडून जातो. चित्राचे चौकोन होतात, मग पडदा निळा पडतो. डिशवाल्याला फोन जातात. तो जाणता असेल तर गच्चीवर चढत नाही. ‘दहा मिनिटे थांबा, काही हलवू नका,’ एवढे सांगून फोन ठेवतो.